मरीमायच्या काखेतला घाम

अकोल्याला नोकरीत होतो तेवढी सगळी वर्षं, श्रावण आला की ऑफिसात सत्यनारायण व्हायचा आणि कुणीतरी प्रसादाचा द्रोण माझ्या टेबलापर्यंत आणून ऐनवेळी हात आखडता घ्यायचा. "तुम्हाला चालतो ना हो? तुमच्यात देव मानत नाहीत म्हणे." मी द्रोण घ्यायचो आणि शिरा खायचो. साजूक तुपातल्या शिऱ्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते 'तुमच्यात' या शब्दाशी आणि विचारणाऱ्याच्या तोंडावरच्या कीव केल्यासारख्या भावाशी, जणू आम्हाला देव परवडेना म्हणून आम्ही तो सोडला, जसा एखादा गरीब चहा सोडतो. अरे बाबांनो, देव आम्ही तुमच्यापेक्षा जवळून पाहिला होता. तो आमच्या घरात, माझ्या सख्ख्या आत्याच्या अंगात यायचा, दर मंगळवारी, आणि गावचे पाटील-देशमुख तिच्या पायावर डोकं ठेवायला आमच्या मोहल्ल्यात यायचे. पण हे उत्तर हातात द्रोण धरून देण्यासारखं नव्हतं. आता वेळ आहे म्हणून लिहितो. राग उतरल्यावर लिहा, असं माझी मुलगी म्हणते. ती प्राध्यापक आहे, तिला तसं म्हणता येतं. राग उतरायची वाट पाहिली असती तर हे कधीच लिहून झालं नसतं.

आमचं गाव बडनेऱ्याहून पायी दीड तासावर. वारा पश्चिमेचा असला की बडनेऱ्याच्या यार्डातले डबे एकमेकांना धडकल्याचा आवाज आमच्या सपरीत, घरापुढच्या पडवीत, ऐकू यायचा आणि माय म्हणायची, तुझ्या बाची सुट्टी झाली. बा रेल्वेच्या गँगमध्ये होता, रुळाखालची खडी ठोकायचा. त्याच्या अंगाला लोखंडाचा आणि इंजिनाच्या धुराचा वास यायचा, आणि त्याच्या तळहाताने पाठीवरून हात फिरवला की पाठ खरवडून निघायची. माय पहाटे ज्वारी दळायला बसायची. भाकरीबरोबर अंबाडीची भाजी, नाहीतर ठेचा. अडचणीच्या दिवसांत ज्वारीच्या कण्या. आडव्या दोरीवर वाळवलेल्या मांसाच्या चान्या लटकलेल्या असायच्या, पुढे त्या बंद झाल्या. आणि या सगळ्यात, चुलीपासून जरा अंतरावर, कारण तिच्या अंगाला विस्तवाची धग लागू द्यायची नसे, बसलेली असायची पुंजाआत्या. बाची थोरली बहीण. तिच्या डोक्यात जट होती. चौदाव्या वर्षी केसांत गुंता झाला, तो सुटेना, आणि जाणत्यांनी निवाडा केला की हिला मरीमायने, पटकीच्या देवीने, धरलं. नवऱ्याने वर्षभर पाहिलं आणि एके दिवशी तिला आणून आमच्या दारात सोडलं. देवीच्या बाईशी संसार कोण करतो. जट कापायची नसते, विंचरायचीही नसते. मनगटाएवढी जाड ती जट तिच्या पाठीवरून कमरेखाली लोंबायची. तिला तेलाचा, हळदीचा आणि लिंबाचा वास होता. लहानपणी तिच्या मागे झोपलो की मी ती उशाला घ्यायचो.

मंगळवारी दिवस कलायला लागला की मोहल्ल्याच्या टोकाला निंबाखालच्या ओट्यावर, शेंदूर फासलेल्या गोट्यापुढे, आत्या बसायची. डफडं वाजायला लागायचं. आधी तिचे गुडघे हलायचे, मग खांदे, आणि मग आवाज बदलायचा. त्या आवाजात ती पाटलाला 'ए' म्हणायची. तो पांढऱ्या मिशांचा माणूस जी माय, जी माय करत लिंबू घ्यायचा. गुरं का मरतात, सून का नांदत नाही, सारं ती त्याला सांगायची आणि तो खाली मान घालून ऐकायचा. बाकीचे सहा दिवस हीच बाई त्याच्या दारावरून जाताना पायातल्या वहाणा काढून हातात घ्यायची. लहान होतो तोवर मला त्या एका मंगळवाराचाच अभिमान वाटायचा. सहा दिवसांचा हिशेब मी धरत नव्हतो. धरला असता तर कळलं असतं की तो एक दिवस आम्हाला दिलाच होता उरलेले सहा काढून घेण्यासाठी.

आणि गाडा. पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली की गावचा सुतार लाकडाचा हातभर गाडा करायचा, चार चाकांचा. त्यात मातीची बाहुली, हिरवं लुगडं नेसवलेली, ती मरीमाय. बाजूला लिंबं, दहीभात आणि पाय बांधलेलं कोंबडं. आत्याच्या अंगातली देवी दिशा सांगायची आणि आमची चार माणसं दोरी धरून तो गाडा गावभर ओढायची. घराघरातून बाई बाहेर यायची, आजारी माणसावरून ओवाळलेला भात, कधी त्याचं भरलेलं फडकंसुद्धा, गाड्यात टाकायची आणि दार लावून घ्यायची. मग गाडा शिवेच्या पलीकडे सोडायचा आणि मागे वळून न पाहता यायचं. पुढच्या गावचे आमचेच लोक तो त्यांच्या शिवेपार करायचे. म्हणजे साऱ्या वऱ्हाडात पटकीची हमाली आमच्याकडे होती. त्याबद्दल गाड्यातला भात आणि ते कोंबडं आमचं. ते आम्ही खायचो. माझ्या आज्याने असंच खाल्लं आणि तो तीन दिवसांत गेला. गाव म्हणालं, मरीमायने आपला माणूस नेला. माझ्या आज्याला कोणत्याही देवीने नेलं नाही. त्याला तुमच्या आजाऱ्यावरून उतरलेल्या भाताने नेलं. हे वाक्य कुणाच्या तरी तोंडावर म्हणायचं म्हणून मी आयुष्यभर जपून ठेवलं होतं. ते म्हणून झालं.

नागपूरला दीक्षा झाली तेव्हा मी नववीत होतो. बा गेला, परतला तो पांढऱ्या सदऱ्यात, आणि दोन दिवस जेवताखाताना नुसता हसत होता. साहेबांनी लाखो माणसांकडून म्हणवून घेतलेलं तो आम्हाला म्हणून दाखवायचा: हा देव मानणार नाही, तो देव मानणार नाही. त्याची एकेक ओळ म्हणजे रुळावर घण बसावा तशी. आठवड्याभरात मोहल्ल्यातल्या घराघरातले देव टोपल्यात भरून नदीच्या डोहात गेले. ओट्यावरचा शेंदरी गोटा तेवढा राहिला, कारण त्यावर गाव हक्क सांगत होतं. मग बाने बकऱ्याचे केस कापायची कात्री आणली आणि आत्याला सपरीत बसवलं. मायने पदर तोंडात धरला होता. आत्या मुकाट्याने मान खाली घालून बसली. जट कापायला बराच वेळ लागला, कात्री मधेच अडकायची. खाली पडली तेव्हा आत्याने ती उचलली, भाजीवाली भाजी जोखते तशी हातावर जोखली आणि म्हणाली, एवढं ओझं होतं का रे हे. मग मानेवरून हात फिरवत राहिली. पुढच्या मंगळवारी तिने विळा घेतला आणि निंदणाला गेली. आम्ही साऱ्यांनी तिची पाठ थोपटली. तिचा मंगळवार गेला त्याचं काय, हे कुणी विचारलं नाही. पाटलाने मात्र तिला 'ए पुंजे' म्हणायला आठवडासुद्धा लावला नाही.

मी मॅट्रिक झालो, अमरावतीच्या कॉलेजात गेलो. आमच्या सात पिढ्यांत तिथवर गेलेला मी पहिला, आणि हे मी विनयाने सांगत नाही. पहिल्या वर्षाच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत येताना लायब्ररीतून एक पुस्तक आणलं, जुन्या पाली सुत्तांचं मराठी, पुठ्ठा सुटलेलं. मोहल्ल्याला वाचून दाखवायचं ठरवलं होतं. माझी खात्री होती की त्यात जाड अक्षरात 'देव नाही' असं छापलेलं असणार. उघडून पाहतो तर पानोपानी देव. मला इतका संताप आला की पुस्तक मिटून ठेवलं. पण दुपारी निंबाखाली माणसं जमलेली, बा खाटेवर बसून वाट पाहतोय, त्यामुळे वाचणं भाग होतं. बुद्ध वनात बसलेले असतात, रात्र सरत येते, तेव्हा देव येतात, सारं वन त्यांच्या तेजाने उजळतं. ते बुद्धांना वाकून नमस्कार करतात, एका बाजूला उभे राहतात आणि आपल्या शंका विचारतात. इथवर आलो आणि बायकांच्या घोळक्यातून आत्याचा आवाज आला.

"बाजूले उभे रायतेत? बसाले नाही म्हणत त्याइले कोणी?"

मी म्हटलं, नाही, उभेच राहतात.

"मंग ते आपल्यावानीच."

निंबाखाली हसू फुटलं. पुढे होतं की देवही मरतात. त्यांचं आयुष्य फार मोठं, पण संपतं. संपत आलं की त्यांच्या गळ्यातली फुलं सुकतात, कपडे मळतात, काखेत घाम येतो आणि बसल्या जागी त्यांचं मन लागेनासं होतं. आत्या हसता हसता पुढे वाकली, तिचा पदर डोक्यावरून घसरला, खांद्यापर्यंत वाढलेले केस दिसले. देवाच्या काखेत घाम, ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. मग मरीमायले त लय येत असन, उन्हातानात उभी रायते बिचारी. मला ते आवडलं नाही. मी पुस्तक मिटून ऐकवलं की ही सारी त्या काळची रूपकं आहेत, विज्ञानाच्या दृष्टीने देव ही वस्तूच अस्तित्वात नाही. आत्या म्हणाली, हाव ना बावा, आणि ढोरांना पाणी दाखवायला उठून गेली.

त्या पुस्तकाची खरी गोम मला फार उशिरा कळली. बुद्धाने देवांशी मारामारी केली नाही. त्याने त्यांना खुर्चीवरून उठवलं आणि बाजूला उभं केलं. असाल तर असा, म्हणाला. तुम्हीही जन्मता, मरता, तुम्हालाही शंका आहेत. माणसाचं दुःख माणसाने निस्तरायचं आहे, त्यात तुमचं काही चालत नाही. नाही म्हणण्यापेक्षा हे मोठं आहे. पण आज हे कुणाला सांगू? माझ्या नातसुनेने दिवाणखान्यात विजेच्या कारंज्यात बुद्ध बसवला आहे. त्याच्या डोक्यामागे रंग बदलणारं चक्र फिरतं आणि परीक्षेच्या दिवशी पोरं त्याच्यापुढे उदबत्ती लावून पेपर सोपा मागतात. ज्याने देवांना खुर्चीवरून उठवलं त्यालाच आम्ही त्या खुर्चीवर बसवलं. मी त्या कारंज्याचं बटण बंद करतो. ती पुन्हा चालू करते. आमच्यात तेवढाच संवाद आहे.

त्याच उन्हाळ्यात, मृग लागायच्या आधी, गावात पटकी आली. पहिल्यांदा पाटलाची सून गेली, मग माळ्यांच्या घरातली दोन माणसं, मग आमच्या मोहल्ल्यातलं एक लेकरू. तालुक्याहून आरोग्य खात्याचा माणूस सायकलवर आला, तायडे नावाचा, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा. त्याच्याकडे सुयांची पेटी होती आणि विहिरीत टाकायचं लाल औषध. आमच्या मोहल्ल्याने एका दिवसात सुया टोचून घेतल्या. पण आमच्या विहिरीने तळ गाठला होता. पिण्याचं पाणी गावाच्या मोठ्या विहिरीचं, आमच्या बायका खाली घागर धरून उभ्या राहायच्या आणि वरून कुणाला दया आली की तो ओतायचा. म्हणजे मोठ्या विहिरीत औषध पडलं नाही तर गावही मरणार आणि गावाबरोबर आम्हीही. तायडे विहिरीवर गेला तेव्हा पाटलाच्या माणसांनी त्याला गाव विचारलं, आडनाव विचारलं, बाप काय करतो ते विचारलं. तीन प्रश्नांत त्यांना पाहिजे ते कळलं. त्याला काठावर चढू दिलं नाही. तो आमच्या सपरीत येऊन बसला, पेटी मांडीवर घेऊन, दोन दिवस. शिकलेला सरकारी माणूस, हातात औषध, समोर मरती माणसं, आणि मध्ये तीन प्रश्न. त्या सपरीची आठवण झाली की आजही माझ्या मुठी वळतात.

रविवारी पाटील चार माणसं घेऊन आमच्या दारी आला. सुतकात होता, दाढी वाढलेली, तोंड ओळखू येत नव्हतं. म्हणाला, गाडा तयार आहे, मंगळवारी पुंजीला ओट्यावर बसवा आणि दोरीला चार माणसं द्या. बाने शांतपणे सांगितलं की ते काम आम्ही सोडलं.

"देव तुमी सोडला रे," पाटील म्हणाला, "पण मरीमायनं तुमाले सोडलं का? पोट्टे मरून रायले न तुमचेबी."

"पाटील, सुईवाला दोन रोज झाले बसून हाय. त्याले हिरीवर चढू द्या. बस, एवढंच करा."

"त्याच्या हातचं पाणी पिऊ मी?"

पाटील जाता जाता सांगून गेला की मंगळवारी गाडा निघाला नाही तर बुधवारपासून मोहल्ल्यातल्या माणसाला वावरात काम नाही, दुकानात मीठ नाही आणि विहिरीवर पाणी नाही. तो गेल्यावर आमच्याच माणसांनी बाला घेरलं. तुले रेल्वे पोसते, आमाले कोण पोसन, असं शेजारचा म्हातारा म्हणाला आणि ते खोटं नव्हतं. मी उठून भाषण केलं. उपाशी मरू पण देवीची दोरी धरणार नाही, असं काहीतरी. मी अमरावतीच्या होस्टेलवर दोन वेळ जेवत होतो, मला ते म्हणणं सोपं होतं. आत्या कोपऱ्यात तायडेच्या पेटीजवळ बसली होती. ती त्याला विचारत होती की औषधाने रोग मरतो म्हणजे नेमका कुठे मरतो. तायडे तिला सांगत होता, पाण्यात, मावशी. तो पाण्यातच असतो.

मंगळवारी मी सकाळी उठलो तर आत्या घरात नव्हती. माय म्हणाली, काड्या वेचायला गेली असेल. ऊन तापायला लागलं आणि ओट्याकडून डफडं ऐकू आलं. तीन-चार वर्षांनी. आम्ही धावत गेलो. ओट्यावर आत्या बसली होती, कपाळभर कुंकू, गळ्यात झेंडूचा हार, मोकळे केस खांद्यावर. पुढे सारं गाव, पाटील हात जोडून, सुताराचा नवा गाडा तयार, कोंबडं त्यात फडफडत होतं. तिचे गुडघे हलत होते. बराच वेळ नुसते गुडघेच. डफडंवाला थकून थांबला आणि पुन्हा वाजवायला लागला. मग खांदे हलले. मग तो आवाज आला, लहानपणी ऐकलेला.

"ए पाटला."

"जी माय."

"मले पाय. माह्या गळ्यातले फुलं सुकले. माह्या काखेत घाम आला." तिने हात वर केला. चोळी काखेत ओली गच्च होती. तेव्हा सगळ्यांच्याच होत्या, ज्येष्ठाचं ऊन होतं. पण पाटील दोन पावलं मागे सरला. "माह्ये दिवस भरले. मी इथून चालली."

पाटलाने विचारलं की गाडा कोणत्या दिशेला न्यायचा.

"गाड्यात मी बसत नाही. मी मोठ्या हिरीत बसली हाव, पाण्यात. तो लाल औषधवाला पोरगा बसला हाय न, त्याच्या हातानं मले वाट द्या. दुसऱ्याचा हात लागला त मी हालत नाही अन् घर ठेवत नाही."

"अन् तू जाशीन कुठी माय?"

"जिथी देव जातेत तिथी. बाजूले उभी राईन."

मी गर्दीत उभा होतो. शब्द न शब्द मला कळला, कारण तो माझ्याच पुस्तकातला होता. आणि त्यामुळेच माझं डोकं फिरलं. कुंकू लावून, डफडं वाजवून, खोटं अंगात आणून ही बाई धम्माची विटंबना करते आहे, एवढंच मला दिसलं. मी तिला ओट्यावरून खाली ओढायला पुढे झालो. बाने माझं मनगट धरलं. तो हात मला सोडवता आला नाही. तेवढ्यात पाटील वळला आणि स्वतः पुढे होऊन माणसं बाजूला करत तायडेला मोठ्या विहिरीवर घेऊन गेला. औषध पडलं. दुपारपर्यंत गावाने रांगेने उभं राहून सुया टोचून घेतल्या, देवीची आज्ञा म्हणून. पाच-सहा दिवसांत साथ हटली. आमच्या मोहल्ल्यातलं आणखी कुणी गेलं नाही. तो गाडा पुढे पावसात सुताराच्या दारी कुजला.

गावाने औषधाचं नाव घेतलं नाही. मरीमायने कौल दिला, असंच जो तो म्हणत होता. तायडे सायकलवरून गेला तेव्हा त्याला कुणी पाणीही विचारलं नाही. पुढच्या मंगळवारी पाटील नारळ घेऊन आमच्या दारात उभा. आत्याने आतूनच सांगितलं, गेली जी ते, आता इथं कोणी नाही रायत. पण मी ते मनावर घेतलं नाही. पौर्णिमेला मोहल्ला निंबाखाली जमला तेव्हा मी उभा राहिलो आणि म्हणालो की प्रतिज्ञा मोडली आहे, घरचं माणूस असलं म्हणून गप्प बसणार नाही. माय म्हणाली, पोट्टे वाचले न रे त्यानं. मी तिला साध्य आणि साधन यातला फरक समजावला. रविवारी जे दोरी धरायला तयार होते, तेच आता माझ्या बाजूने सगळ्यात मोठ्याने बोलत होते. बा जमिनीकडे पाहत होता. ठरलं असं की आत्याने बुद्धाच्या फोटोपुढे उभं राहून साऱ्या प्रतिज्ञा पुन्हा म्हणायच्या, मी वाचायच्या आणि तिने मागून म्हणायच्या.

ती उभी राहिली. फोटोच्या अगदी समोर नाही, जरा बाजूला. मी एकेक ओळ वाचत गेलो आणि ती म्हणत गेली, अमुक देव मानणार नाही, तमुक देव मानणार नाही, पूजा करणार नाही. तिचा आवाज तिचाच होता, बारीक, खोकल्यासारखा. मधे एकदा मी वर पाहिलं तर ती माझ्याकडे पाहत होती, ज्या नजरेने पाटलाकडे पाहायची त्या नजरेने, ओट्यावरच्या नाही, वहाणा हातात घेतलेल्या बाईच्या. शेवटची ओळ झाल्यावर तिने विचारलं, "झालं का जी?" तोवर मी तिच्यासाठी उत्त्या होतो, जन्मल्यापासून. त्या दिवसापासून ती मला तुमी म्हणायला लागली. तुमी जेवले का. तुमी कवा आले. मी ते मान म्हणून घेतलं. कॉलेजात गेलेल्या भाच्याला आत्या तुमी म्हणते, याचं मला बरंही वाटलं. इतका मी शिकलेला होतो.

अकोल्याला नोकरी लागल्यावर जठारपेठेत दोन खोल्या घेतल्या आणि आत्याला घेऊन आलो. एका हिवाळ्यातल्या दुपारी ती दारात उन्हाला बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. मी बाजूला बसलो आणि इतकी वर्षं न विचारलेलं विचारलं: तुझ्या अंगात खरंच यायचं का गं?

"पयले येत होती," ती म्हणाली. "खरंच येत होती. मले काही समजे नाही, मांगून डोकं दुखे." चार शेंगा सोलून झाल्यावर पुन्हा बोलली. "त्या मंगळवारी नाही आली. लय वाट पाह्यली म्या ओट्यावर. डफडंवाला थकला. मंग म्हटलं, नाही येत त नाही येत. म्याच बोलली."

म्हणजे सारी हयात तिच्या तोंडून देवी बोलली आणि एकदाच, त्या एका दिवशी, ती स्वतः बोलली. ती एकटी माणूस होती ओट्यावर. माझ्या पुस्तकातलं जे मला कळलं नव्हतं ते तिने करून दाखवलं, देवीला खुर्चीवरून उठवून बाजूला उभं केलं आणि माणसाचं काम माणसाने केलं. आणि त्याचीच मी तिला शिक्षा दिली होती. मला तिचाच राग आला, खोटं सांगत नाही. मी जरा चढ्या आवाजातच विचारलं की हे त्या पौर्णिमेला काहून नाही सांगितलं.

तिने सूप हलवून टरफलं एका कडेला केली.

"तुमी विचारलं कुठी," ती म्हणाली. "तुमी त वाचून रायले होते."